'विनाअनुदानित' : एका शब्दाचा अर्थ आणि उपयोग



आमच्या अवसरी खुर्द गावाच्या नावातच दप्तरातला एक शब्द आहे. 'खुर्द' म्हणजे लहान. शेजारच्या अवसरी बुद्रुकमधील 'बुद्रुक' हे 'बुजुर्ग' या शब्दाचे बदललेले रूप. त्याचा अर्थ मोठा. हे दोन्ही शब्द फारसीतून महसुली दप्तरात आले आणि गावांना चिकटले ते चिकटलेच. २००९ साली शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय याच खुर्द गावात सुरू झाले, तरी कागदावर गाव लहानच राहिले. दप्तरातल्या शब्दाचे बळ असे असते. म्हणून असा शब्द समोर आला की त्याचा नेमका अर्थ आपल्याला ठाऊक असला पाहिजे. तो ठाऊक नसला तर काय होते, हे मी अनुभवाने शिकलो आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासवर्गात येणाऱ्या एका मुलीचे नाव केंद्रीय प्रवेश फेरीत एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या यादीत लागले. वडील शेतमजूर. महाविद्यालयाच्या नावापुढे 'विनाअनुदानित' असे छापलेले होते आणि फीचा आकडा मोठा होता. कागद घेऊन ते माझ्याकडे आले व म्हणाले, "गुरुजी, हे विनाअनुदानित आहे. म्हणजे आपल्या पोरीला सरकारचं काही मिळायचं नाही, असंच ना?" मी मान डोलावली. दोन दिवसांनी मुदत संपली. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की, केंद्रीय प्रवेश फेरीतून आलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थिनीला अशा महाविद्यालयातही शिष्यवृत्ती व शिक्षण शुल्काची सवलत मिळत होती. मुलीचे एक वर्ष गेले. दोष कोणा कार्यालयाचा नव्हता. शब्द वाचता न येणाऱ्या गुरुजींचा होता. प्रस्तुत लेख त्या चुकीतून लिहिला आहे.

१. शब्दाची फोड

विना + अनुदान + इत = विनाअनुदानित.

'विना' म्हणजे शिवाय, वाचून. विनाकारण, विनाअट, विनातिकीट या शब्दांत तो आपण रोज वापरतो. त्याच अर्थाचा बोलीतला जोडीदार 'बिन' : बिनपगारी, बिनव्याजी, बिनविरोध.

'अनुदान' म्हणजे एखाद्या कामासाठी शासनाने किंवा अन्य संस्थेने ठरलेल्या नियमाने दिलेली रक्कम. आंबेगाव-जुन्नरच्या शेतकऱ्याला हा शब्द शिकवावा लागत नाही. ठिबक सिंचनाचे अनुदान, कांदाचाळीचे अनुदान हे त्याच्या रोजच्या बोलण्यातले आहे.

'इत' या प्रत्ययाने विशेषण तयार होते. अनुदान मिळते ती 'अनुदानित' शाळा, मिळत नाही ती 'विनाअनुदानित' शाळा.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. अनुदान या शब्दात 'दान' असले तरी अनुदान हे दान नव्हे. दान देणारा आपल्या इच्छेने देतो. त्याच्याकडे ते हक्काने मागता येत नाही. अनुदान नियमाने मिळते. अटी पूर्ण केल्या असतील तर ते मागता येते, नाकारले तर कारण विचारता येते. दान घेणाऱ्याने कृतज्ञ राहावे हे योग्यच. पण अनुदान मागणाऱ्याने ओशाळे होण्याचे कारण नाही.

२. शुद्ध रूप व वापर

(अ) शब्द जोडून लिहावा : विनाअनुदानित. 'विना अनुदानित' असे तोडू नये.

(आ) 'नि' ऱ्हस्व आहे. 'अनुदानीत' हे रूप अनेक फलकांवर दिसते, ते अशुद्ध होय.

(इ) नाम म्हणून 'विनाअनुदान' : "महाविद्यालयाला विनाअनुदान तत्त्वावर परवानगी मिळाली."

(ई) विशेषण म्हणून 'विनाअनुदानित' : "ही तुकडी विनाअनुदानित आहे."

(उ) शब्दयोगी अव्यय म्हणून 'विना' मागे जातो : "शाळा दहा वर्षे अनुदानाविना चालली."

बोलण्यात 'नॉन-ग्रँट' हा शब्द रूढ आहे. "शाळा ग्रँटवर आली", "शाळा वीस टक्क्यांवर आहे" असेही शिक्षक म्हणतात. शाळेला पूर्ण अनुदान एकदम न मिळता टप्प्याटप्प्याने मिळते, तेव्हा ती 'अंशतः अनुदानित' असते. 'टप्पा अनुदान' हा शब्द तिथूनच आला.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, हे विशेषण नेहमीच पूर्ण संस्थेला लागू होते असे नाही. एकाच आवारात, एकाच नावाच्या फलकाखाली एक तुकडी अनुदानित व दुसरी विनाअनुदानित असू शकते. एक अभ्यासक्रम अनुदानावर आणि त्याच मजल्यावरचा दुसरा विनाअनुदान. म्हणून "हे कॉलेज अनुदानित आहे का?" एवढेच विचारून थांबू नये. "माझ्या मुलाला प्रवेश मिळतो ती तुकडी अनुदानित आहे का?" असे विचारावे.

३. शेजारचे शब्द

पैशाचे पाठबळ नसण्याला मराठीत पुष्कळ शब्द आहेत. निर्धन, कफल्लक, निष्कांचन हे माणसाची स्थिती सांगतात. 'बिनभांडवली' हा शब्द धंद्याचा. 'निराधार' हा शब्द माणसाला कोणाचाच आधार उरला नाही असे सांगतो. महाराष्ट्र शासनाने १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. तिच्या नावात 'निराधार' आणि 'अनुदान' हे दोन्ही शब्द शेजारी बसले आहेत. ज्याला कोणी नाही त्याला शासन आहे, असा त्या जोडीचा आशय.

विनाअनुदानित हा शब्द यांपैकी कशासारखाच नाही. विनाअनुदानित संस्था निर्धन असतेच असे नाही; काही विनाअनुदानित संस्थांच्या इमारती पाहिल्या तर हे पटेल. आणि तिला कोणाचाच आधार नसतो असेही नाही. हा शब्द फक्त एकच गोष्ट सांगतो : शासन या संस्थेच्या पगाराचा व खर्चाचा भार उचलत नाही. मग तो भार कोण उचलतो, हे तो सांगत नाही. विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा हक्क संपला, असे तर तो मुळीच सांगत नाही. आमच्या मुलीच्या वडिलांनी व मी जे वाचले, ते त्या शब्दात नव्हतेच.

२०१२ च्या कायद्याने महाराष्ट्रात आणखी एक शब्द आला : 'स्वयंअर्थसहाय्यित' शाळा. स्वतःच स्वतःला अर्थसाहाय्य करणारी ती स्वयंअर्थसहाय्यित. येथे 'स्वयं' म्हणजे कोण, हे तपासावे. बहुतेक ठिकाणी शाळेची तिजोरी पालकांच्या फीने भरते. तेव्हा त्या 'स्वयं'मध्ये पालकही आले.

४. शब्दामागचा इतिहास

खाजगी शाळांना सरकारने साहाय्यक अनुदान द्यावे ही पद्धत आपल्याकडे १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून धोरण म्हणून आली. अनुदान हे धोरण झाले, तसे ते कोणाला मिळावे आणि कोणाला नाही हा प्रश्नही उभा राहिला. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी नेमका हाच प्रश्न मांडला. सरकारचा महसूल बहुतांशी रयतेच्या श्रमातून येतो, आणि तो खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, असे त्यांचे म्हणणे होते. प्राथमिक शिक्षणाकडे सरकारने अधिक लक्ष व अधिक पैसा द्यावा अशी त्यांची मागणी होती. म्हणजे अनुदान हा रयतेचाच पैसा रयतेकडे परत येण्याचा मार्ग होय, ही समज आपल्याकडे इतकी जुनी आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२७ साली मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना, शिक्षणाचा खर्च फीमधून वसूल करण्याच्या प्रवृत्तीवर टीका केली. शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात यायला हवे, हे त्यांच्या भाषणाचे सूत्र होते. पुढे १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. शासनाकडे मागणे आणि स्वतः उभे करणे या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी केल्या.

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपल्या अंगावरचे सोने मोडून मुलांना जेवू घातले, हे सर्वांना माहीत आहे. त्या काळी 'विनाअनुदानित' हा शब्द कोणी वापरत नसेल. पण शासन भार उचलत नाही तेव्हा तो कोणाच्या तरी अंगावरून उतरतो, हे त्या घटनेत स्पष्ट दिसते.

हा शब्द महाराष्ट्रात घरोघर गेला तो १९८३ नंतर. त्या वर्षी मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने खाजगी संस्थांना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. याची एक बाजू चांगली होती. पूर्वी परप्रांतात जाणारी ग्रामीण मुले आपल्याच जिल्ह्यात अभियंता होऊ लागली. दुसरी बाजू अशी की, खर्चाचा भार फीच्या रूपाने पालकाकडे आला, आणि ज्याच्याकडे जमीन किंवा नोकरी नाही त्याला तो शब्द बंद दारासारखा वाटू लागला.

५. 'कायम' या एका शब्दाची किंमत

२००१ साली शासनाने धोरण बदलले. नव्या शाळांना 'कायम विनाअनुदान' तत्त्वावर परवानगी देण्यात येऊ लागली. पूर्वी विनाअनुदानित शाळा पुढेमागे अनुदानावर येण्याची आशा असे. 'कायम' हे विशेषण लागताच ती आशा कागदावर संपली. 'खुर्द'सारखाच हाही दप्तरातला शब्द. चिकटला की निघणे कठीण.

तो काढण्यासाठी शिक्षकांना अनेक आंदोलने करावी लागली. अखेर २० जुलै २००९ च्या शासन निर्णयाने इंग्रजी माध्यम वगळून अन्य प्राथमिक व माध्यमिक शाळांच्या बाबतीत 'कायम' हा शब्द वगळण्यात आला. तीन अक्षरे गेली. परंतु शब्द गेला म्हणून पैसा आला नाही. शाळांचे मूल्यांकन झाले, पात्र-अपात्रतेच्या याद्या झाल्या, त्रुटी निघाल्या आणि २०१६ साली पात्र शाळांना वीस टक्के अनुदानाचा टप्पा मिळाला. पुढच्या टप्प्यांसाठी शिक्षकांना मुंबईच्या आझाद मैदानावर पुन्हा पुन्हा बसावे लागले.

मधल्या वर्षांत वर्ग भरत होते, परीक्षा होत होत्या, मुले पास होत होती. अनेक ठिकाणी शिकवणारा शिक्षक तुटपुंज्या मानधनावर किंवा काहीच न घेता उभा होता; सकाळी शाळा, संध्याकाळी शिकवण्या किंवा शेतातले काम. त्या शाळेला 'विनाअनुदानित' म्हणणे कागदावर बरोबर. खरे पाहता तिला अनुदान होते. ते त्या शिक्षकाच्या न मिळालेल्या पगाराचे होते.

या शब्दाचा परिणाम निवृत्तीपर्यंत पोहोचतो. १ नोव्हेंबर २००५ ही जुन्या निवृत्तिवेतन योजनेची सीमारेषा. त्या तारखेपूर्वी नेमणूक झाली, पण त्या दिवशी शाळा विनाअनुदानित किंवा अंशतः अनुदानित होती, अशा शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाचा वाद वर्षानुवर्षे चालला. काम तेच, वर्षे तीच. फरक शाळेच्या नावापुढील विशेषणाचा.

६. संविधानातील शब्द

ऑगस्ट २००५ मध्ये पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, विनाअनुदानित खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांवर शासन आपले आरक्षण लादू शकत नाही. म्हणजे शासनाचा पैसा नाही तेथे शासनाचा सामाजिक न्यायही नाही, असा अर्थ होऊ लागला. तेव्हा संसदेने ९३ वी घटनादुरुस्ती केली. ती जानेवारी २००६ मध्ये अमलात आली आणि अनुच्छेद १५ मध्ये पाचवे खंड जोडले गेले. संस्था शासनाकडून अनुदान घेत असो वा नसो, प्रवेशासाठी विशेष तरतूद करता येईल, असे त्यात स्पष्ट केले आहे. अल्पसंख्याकांच्या संस्था तेवढ्या वगळल्या आहेत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही विनाअनुदानित शाळांवर पहिल्या वर्गातील पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना देण्याचे बंधन घातले. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला यातून सूट देण्यात आली होती. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला.

यावरून काय दिसते? 'विनाअनुदानित' हा शब्द संस्था व शासन यांच्यातील पैशाचा व्यवहार सांगतो. विद्यार्थी व संविधान यांच्यातील नाते तो तोडत नाही.

७. उलट अर्थाचा शब्द : अक्षयनीवी

विनाअनुदानित या शब्दाचा खरा विरुद्धार्थी शब्द शोधायचा तर मंचरहून नारायणगावमार्गे जुन्नरला जावे. लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी, तुळजा येथील बौद्ध लेण्यांत कोरीव लेख आहेत. ते बहुतेक दानाचे लेख होत. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दिली. यवन म्हणजे ग्रीक वंशाच्या उपासकांनी पाण्याची टाकी व भोजनमंडप दिला. शक उपासक आडुथुम याने शेतजमीन दिली. बांबूचे काम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे संघासाठी रक्कम ठेवल्याची नोंदही आहे.

या पद्धतीचा हिशेब स्पष्ट दिसतो तो नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात. नहपानाचा जावई उषवदात याचा तो लेख सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा आहे. त्याने संघासाठी ३००० कार्षापणे 'अक्षयनीवी' म्हणून दिली. 'नीवी' म्हणजे मूळ भांडवल. जे कधी खर्च करायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, ते अक्षयनीवी. त्यांपैकी २००० कार्षापणे विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने ठेवली. महिन्याला २० म्हणजे वर्षाला २४० कार्षापणे झाली. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापणे. वीस गुणिले बारा बरोबर २४०. हिशेब तंतोतंत जुळतो. उरलेली १००० विणकरांच्या दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने, किरकोळ खर्चासाठी. हा व्यवहार निगमसभेत ऐकवून नोंदवला गेला, असेही लेखात आहे.

रक्कम किती, कोणी दिली, कोठे ठेवली, दर काय, कोणासाठी, हे सर्व दगडावर सर्वांना वाचता येईल असे लिहिले आहे. आपल्या आजच्या शब्दात नेमके हेच नाही. 'विनाअनुदानित' हा शब्द कोण देत नाही ते सांगतो आणि कोण देतो ते झाकतो. शिक्षकाचे नाव त्यात नाही, कर्ज काढणाऱ्या बापाचे नाही, कानातले मोडणाऱ्या आईचेही नाही.

८. आपण काय करावे

'विनाअनुदानित' हा शब्द दिसला की मागे फिरू नये. चार प्रश्न विचारावेत. विनाअनुदानित काय आहे : संस्था, अभ्यासक्रम की तुकडी? प्रवेश केंद्रीय फेरीतून आहे की संस्थास्तरावरील? (कारण शिष्यवृत्ती व शुल्क सवलत सामान्यतः केंद्रीय फेरीतील प्रवेशाला मिळते.) शुल्कापैकी कोणता भाग शासन भरते व कोणता आपण? आणि जातीचा व उत्पन्नाचा दाखला तसेच जात वैधता प्रमाणपत्र तयार आहे काय? या प्रश्नांची उत्तरे प्रत्यक्ष समाजकल्याण कार्यालयातून व महाविद्यालयातून त्या त्या वर्षाच्या नियमांप्रमाणे घ्यावीत. गुरुजींच्या मान डोलावण्यावर विसंबू नये.

दुसरे असे की, आपल्या मंडळांचे, वाचनालयांचे, अभ्यासवर्गांचे कामही विनाअनुदानच चालते. आपल्या वहीत तरी देणाऱ्याची नोंद व्हावी. कोणी पन्नास रुपये दिले, कोणी सतरंजी दिली, कोणी वर्षभर रविवारी गणित शिकवले, तेही लिहावे. मानधन न घेता शिकवणाऱ्याचा वेळ हीदेखील रक्कमच होय.

त्या मुलीने पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरला. कागद तिने स्वतः वाचले, प्रश्न स्वतः विचारले आणि प्रवेश घेतला. मी सोबत गेलो होतो, पण या वेळी गप्प बसलो.

स्वाध्याय

१. 'विनाअनुदान' व 'विनाअनुदानित' यांचा वाक्यांत उपयोग करा.
२. निराधार, निर्धन व विनाअनुदानित यांतील अर्थभेद सांगा.
३. ३००० कार्षापणांच्या अक्षयनीवीचे एकूण वार्षिक व्याज काढा. (उत्तर : ३३०)
४. आपल्या घरातील एक विद्यार्थी शिकतो ती तुकडी अनुदानित की विनाअनुदानित, याची चौकशी करा. आणि विनाअनुदानित असल्यास तिचा खर्च प्रत्यक्ष कोण देतो, त्यांची नावे वहीत लिहा.